सबीहाभाभीची काठी

तेल्हाऱ्यात एके काळी अशी कुजबूज होती, की पिंजाऱ्याची सबीहा नवऱ्याला काठीनं झोडपते. एखादी चापट नव्हे. भर दुपारी, अंगणात, गादी झोडपावी तसं. आता कुजबूज म्हटली की तिला फांद्या फुटणारच. भाजीबाजारात म्हणत, इनायतुल्लानं अमरावतीला दुसरं घर केलं होतं, ते उघडकीला आलं. चहाच्या टपरीवर म्हणत, तसलं काही नाही हो, त्यानं तिला न विचारता ती भंगार गाडी घेतली, त्याचं हे व्याज. आणि मशिदीमागच्या गल्लीतली एक म्हातारी तर शपथेवर सांगायची, की त्या गाडीत जिन होता, म्हणून ती आवाज न करता चालायची. तो जिन इनायतुल्लाच्या अंगात शिरला आणि सबीहानं काठीनं उतरवला.

कारणं तीन, पण काठी तिन्हींत एकच. कारण काठीची बातमी एकाच तोंडातून निघाली होती, माणिकबाईच्या. माणिकबाई म्हणजे सबीहाची भिंतीला भिंत शेजारीण. ती आणि तिचा नवरा वामनराव मळ्यात भाजीपाला करत आणि माणिकबाई टोपली घेऊन घरोघर विकत असे. खाली वांगी असोत की मेथी, वर बातमीची एक जुडी असायचीच. ती फुकट मिळे, म्हणून भाजीही खपे.

सबीहा मूळची पातूरची. लग्न होऊन तेल्हाऱ्यात आली तेव्हा सासरी धनुकलीवर रुई पिंजत. पुढे विजेवरचं यंत्र आलं. पिंजायचं काम इनायतुल्लाचं. खोळ शिवणं, भरणं, झोडपणं आणि टाके घालणं सबीहाचं. भरलेली गादी झोडपली नाही तर आत रुईचे गोळे राहतात आणि झोपणारा सकाळी उठून पिंजाऱ्याला शिव्या देतो. सबीहानं भरलेल्या गादीबद्दल अशी शिवी कोणी दिली नाही. तिची काठी जिथं पडायची तिथंच पडे आणि जेवढी पडायची तेवढीच पडे. "भाभीच्या काठीले डोळे हायेत," असं वामनराव म्हणत.

नवराबायको घरात उर्दूत भांडत आणि अंगणात वऱ्हाडीत. शेजाऱ्यांची गैरसोय होऊ नये, हा त्यामागचा विचार असावा.

गोष्ट बोंडअळीच्या सालची. बोंड वरून हिरवंगार, उघडून पाहावं तर आत अळी बसलेली. ज्या मुलखात कापूसच असा, तिथं नवी गादी कोण भरणार? लोक आजोबांच्या लग्नातली गादी काढून म्हणत, "इनायतभाई, हेच पिंजून द्या, पोरीचं होऊन जाईन यातच." तीही दुकानावर आणून द्यायला कोणी तयार नव्हतं. मग इनायतुल्लाच गावोगाव जाऊन जुन्या गाद्या उचलून आणी आणि पिंजून परत पोचवी. त्यासाठीच ती गाडी होती.

गाडी अमरावतीच्या एका डॉक्टरांची. डॉक्टर मुलाकडे पुण्याला निघाले, गाडीला गिऱ्हाईक मिळेना, कारण ती हायब्रिड. पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर, दोन्ही एकाच पोटात. हळू चालली की नुसत्या विजेवर चालायची आणि मुंगीलाही पत्ता लागायचा नाही. पहिल्याच दिवशी ती वामनरावांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि इनायतुल्लानं हॉर्न दिला, तेव्हा वामनराव टोपलीसकट नालीत उतरले.

"काय गा इनायतभाई, सांगून तरी मारत जा!"

"वामनभाऊ, आवाज नाई करत म्हून तर घेतली. घरात हाये तेवढा आवाज बस्स हाये."

सबीहानं हे ऐकलं होतं. त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं.

गाडीचा तिला एकच राग होता. मागच्या सीटच्या बाजूला एक तळहाताएवढी जाळी होती, तिच्यातून सारखी घुंऽऽ अशी गुणगुण यायची. सबीहा मागेच बसायची, गाद्यांचा ढीग धरून. "अजी, मच्छर घुसला गाडीत," ती म्हणायची. इनायतुल्ला हसायचा. मग काही दिवसांनी गुणगुण थांबली आणि तिचं बोलणंही थांबलं.

पुढच्या उन्हाळ्यात समोरच्या काचेखाली लाल त्रिकोण पेटला. गाडी गचके खाऊ लागली, आणि अकोल्याच्या रस्त्यावर एकदा मेलीच. अकोल्यातल्या कारागिरानं पाहिलं आणि मान हलवली. मोठी बॅटरी गेली, ती मागच्या सीटच्या पाठीशी असते, नवी बाहेरून मागवावी लागेल. आकडा ऐकून इनायतुल्लानं पुन्हा विचारलं नाही.

गाडी बंद तर धंदा बंद. भिवंडीला इनायतुल्लाचा भाचा गोदामावर होता, तो रोज फोन करायचा, "मामू, आ जाओ." इनायतुल्ला आधी नाही म्हणायचा, मग पाहू म्हणायचा, आणि मग फोन घेऊन अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन बोलू लागला. सबीहानं ओळखलं, हा चालला.

पण जायच्या आधी त्यानं एक खटपट केली. मोबाईलवर एक दाढीवाला गोरा तसलीच गाडी उघडून बॅटरी बदलताना दिसायचा. तो काय बोलतो ते इनायतुल्लाला कळत नसे. हात मात्र कळत. तो व्हिडिओ त्यानं इतक्यांदा पाहिला की सबीहा त्या माणसाला "तुमचा दाढीवाला भाऊ" म्हणू लागली. मग इनायतुल्ला अमरावतीला गेला. तिथं अपघातात पुढून चेपलेली तशीच एक गाडी भंगारात आली होती. मागचा भाग शाबूत. तिची बॅटरी त्यानं मीटर लावून कप्पा कप्पा तपासून घेतली, जुन्या गादीत गुंडाळली आणि एका ओळखीच्याच्या पिकअपमध्ये टाकून घरी आणली.

"हे कोन बसवनार?" सबीहानं विचारलं.

"मीच."

"करंट किती असते याच्यात?"

इनायतुल्लानं दाढी खाजवली. खोटं बोलायचं असलं की तो दाढी खाजवायचा, पण या वेळी खरंच बोलला. "दोनशेच्या वर. घरच्यासारखंच समज. पन हा धरते, सोडत नाई."

सबीहा उठून आत गेली आणि सबंध दिवस बोलली नाही. उर्दूतही नाही आणि वऱ्हाडीतही नाही. तेव्हा मात्र इनायतुल्ला घाबरला.

त्याला माहीत होतं. तेल्हाऱ्यात दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं. पातूरला सबीहाचा धाकटा भाऊ होता, फुरकान. विहिरीवरची मोटर सुरू करायला गेला आणि पेटीलाच चिकटला. बापानं धावत जाऊन त्याला हातानं ओढलं. बाप लांब फेकला गेला, वाचला, बोटं जन्माची वाकडी झाली. फुरकान वाचला नाही. मागाहून कोणीतरी म्हणालं, पाच पावलांवर पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या झाडांचा ढीग होता, वाळलेली एक काडी घेऊन हात झटकला असता तरी पोरगा सुटला असता. सबीहा तिथंच उभी होती, त्या ढिगाला टेकून. तेव्हापासून तिच्या घरात प्रत्येक खोलीत एक वाळकी काठी असते. पाहुण्यांना वाटे, सापासाठी.

दुसऱ्या दिवशी ती बोलली. "भिवंडीले गेले तरी तुमी गेलेच. त्याच्यापक्षा माह्या डोळ्यासमोर करा काय कराचं ते. पन मी मांगं उभी राहीन, काठी घेऊन."

"राह्य ना बाप्पा. कोन नाई म्हनते?"

"आन मी म्हनीन तवाच हात लावाचा."

"निकाहात बी असंच ठरलं होतं," इनायतुल्ला म्हणाला, आणि ती किती दिवसांनी हसली.

मग सबीहानं त्या कामाचा कब्जाच घेतला. वीज कंपनीतला लाईनमन रामराव ओळखीचा होता, त्याचे रबरी हातमोजे तिनं मागून आणले. आणताना त्याला विचारलं, हे धड आहेत की फाटके, ते कसं पाहायचं? रामरावनं मोठ्या तोऱ्यात दाखवलं: मनगटाकडून गुंडाळत न्यायचं, आत हवा कोंडायची आणि हातमोजा गालाशी धरायचा. कुठं भोक असलं तर वारा लागतो.

घरी येऊन तिनं उजवा गालाशी धरला. काही नाही. डावा धरला, आणि अंगठ्याच्या बेचक्यातून गालाला बारीकशी झुळूक लागली, झोपलेलं मूल जवळ श्वास सोडतं तशी. ती तश्शी परत गेली.

"रामभाऊ, हे पाहा बरं."

रामरावनं गालाशी धरलं. मग दुसऱ्या गालाशी धरलं. मग ओट्यावर बसला.

"वैनी, कालच्याला मी हेच घालून डीपीवर होतो."

त्याच्या बायकोनं आतून पाणी आणलं, पण रामरावऐवजी तिनं सबीहालाच आधी दिलं. नवे दोन जोड त्यानं दुसऱ्या दिवशी स्वतः घरी आणून दिले आणि आपल्यासाठीही एक घेतला.

शुक्रवार ठरला. नमाज पढून इनायतुल्ला आला, जेवायला बसला नाही. सबीहाही बसली नाही. गाडी अंगणात कडुनिंबाखाली होती. सबीहानं काठी दोन दिवस गच्चीवर उन्हात घालून ठेवली होती. बांबूची, टोकाला लोखंडी टोपी होती ती पकडीनं उपटून टाकली होती. गाडीच्या मागच्या दारापाशी तिनं कोरी, सुकी रुईची गादी अंथरली. त्यानं गुडघे टेकायचे गादीवर, तिनं उभं राहायचं गादीवर.

"अंगठी," ती म्हणाली. त्यानं काढली.

"घड्याळ." काढलं.

मग दोघंही थांबले. त्याच्या दंडावर चांदीच्या डबीतला ताबीज होता. चांदी म्हणजे धातू.

"ज्या दिवशी लागते त्याच दिवशी उतरवून राहिले," ती पुटपुटली. ताबीज तिनं घेतला आणि काठीच्या वरच्या टोकाला, स्वतःच्या मुठीच्याही मागं, सुती दोऱ्यानं बांधला. "आता मारा हात."

गाडीची चावी आधीच तिच्या ओढणीच्या गाठीत होती. त्यानं साधी लहान बॅटरी सोडवली. मग हातमोजे चढवून मोठ्या बॅटरीचा केशरी मुठीचा प्लग ओढून काढला. तो निघाला की आतली साखळी मधोमध तुटते, असं दाढीवाल्या भावानं दाखवलं होतं. तरी तुटलेल्या दोन्ही भागांत जीव असतोच, आणि बाहेरच्या यंत्रातला साठलेला करंट निवायला थोडा वेळ द्यावा लागतो. किती वेळ? सबीहानं जवळची अर्धवट शिवलेली गादी ओढली, सुई घेतली आणि एक पूर्ण ओळ टाके घातले. "आता लावा मीटर." मीटरवर शून्य आलं. तिनं सुई टोचून ठेवली आणि काठी उचलली.

सीट निघाली, पत्रे निघाले. बॅटरी उघडी पडली. शेजारी शेजारी उभे कप्पे, आणि वरून एकाला दुसऱ्याशी जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या.

"अवं, हे तं गादीच हाये," इनायतुल्ला आतून म्हणाला. "कप्पे हायेत, टाके हायेत."

"गादीनं मानूस मरत नाई. गप बसा आन काम करा."

केशरी तारा सुटल्या, टोकांना त्यानं चिकटपट्टी लावली. बोल्ट सुटले. राहिली होती ती बाजूची हवेची नळी, जी सीटजवळच्या जाळीपासून बॅटरीच्या पंख्याकडे जाते. त्यानं हात लांबवला, डोकं आत घातलं.

आता याच घटकेला माणिकबाई भिंतीपलीकडे भाजीच्या पालथ्या क्रेटवर चढली होती. कोथिंबीर द्यायला, असं ती सांगते. तिला जे दिसलं ते असं: इनायतुल्ला कंबरेपर्यंत गाडीत. मागं सबीहा, काठी उगारलेली, डोळे विस्फारलेले. एकाएकी इनायतुल्लाचं अंग आखडलं, मान मागं गेली, घशातून काहीतरी चमत्कारिक निघालं. आणि सबीहानं जी काठी हाणली म्हणता! दंडावर पडली आणि तशीच पाठीवर आली.

"या अल्लाऽऽ!" इनायतुल्ला बाहेर आला तो गादीवर उताणाच.

माणिकबाईनं कोथिंबीर तिथंच टाकली. "अहो! उठा ना! थे बाई मारून टाकते त्या मानसाले!"

वामनराव अंगावर सदरा नसताना धावले. फाटकातून आत आले तर इनायतुल्ला दंड चोळत बसलेला, सबीहा काठी हातात धरून हुंदके देत. इनायतुल्लाची एक मूठ घट्ट मिटलेली. नवराबायकोच्या भांडणात पडलेल्या माणसासारखे वामनराव फाटकापाशीच थांबले.

"बरं झालं आले, वामनभाऊ," इनायतुल्ला म्हणाला. "हे उचलू लागा जरा. जड हाये."

वामनरावांनी एकदा काठीकडे पाहिलं आणि मुकाट्यानं हातमोज्यांचा दुसरा जोड घातला. वाचवायला आलेला माणूस असा हमाल झाला. जुनी बॅटरी निघाली, अमरावतीची बसली. बसवताना वामनराव सबीहाच्या बाजूला पाठ होणार नाही याची काळजी घेत होते, असं इनायतुल्ला पुढं सांगायचा. मग वामनराव घरी गेले आणि बायकोला म्हणाले, "दंडावर बोटभर वळ हाये." साक्षीदार मिळाला. संध्याकाळच्या टोपलीबरोबर बातमी निघाली.

वामनराव गेल्यावर इनायतुल्लानं, मघाशी मुठीतून खिशात कोंबलेलं होतं, ते बाहेर काढलं. मुठीत रुईचा बोळा होता. काळा पडलेला, पण वळलेला कसा? आधी दोन्ही तळव्यांत फिरवून, मग शेपूट आत दुमडून. तेल्हाऱ्यात असा बोळा एकच बाई वळते. गादीचा कोपरा असो, दाराची फट असो की उंदराचं बीळ, पिंजाऱ्याच्या घरात भोक दिसलं की त्यात बोळा जातो.

"जाळीत होता," तो म्हणाला. "पंख्यावर तं अख्खी उशी जमली होती. बॅटरीचा श्वासच कोंडला."

सबीहानं बोळा ओळखला. तिचा चेहरा खाडकन उतरला. "थे घुंऽऽ करे ना, म्हून मी..."

"म्हून तू." इनायतुल्लानं दंड चोळला. "बॅटरीले बी तूच मारलं आन मले बी तूच. आज तुहाच दिवस हाये."

तिला रडावं की हसावं कळेना, तिनं दोन्ही केलं. मग त्याचा दंड दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ पाहत राहिली. वळ लाल होता, उठलेला होता, गरम होता. हात गरम होता. फुरकानचा हात तिनं धरला होता तेव्हा तो कसा होता, ते ती कोणाशी बोलली नाही.

पंखा तिनंच ब्रशनं साफ केला, एक तंतू ठेवला नाही. पत्रे बसले, सीट बसली. हातमोजे पुन्हा गालाशी धरून पाहिले आणि मग केशरी प्लग आत गेला. लहान बॅटरी जोडली. तिनं ओढणीची गाठ सोडून चावी दिली आणि काठी घेऊन दारापाशी उभी राहिली. त्यानं बटण दाबलं.

काहीच झालं नाही. ना आवाज, ना थरथर.

"नाई लागली ना," ती म्हणाली. "जाऊ द्या. तुमी धड हायेत, बस झालं."

"अवं, लागली!" इनायतुल्ला आतून ओरडला. समोर हिरवं अक्षर पेटलं होतं, लाल त्रिकोण गायब. त्यानं पाय उचलला आणि गाडी कडुनिंबाखालून निघाली, चिडीचूप, मांजरासारखी. फाटकापर्यंत गेली, परत आली. मागच्या सीटजवळच्या जाळीतून घुंऽऽ अशी गुणगुण येत होती. सबीहानं खिडकीतून कान लावून ती ऐकली आणि पहिल्यांदाच तिला ती गोड लागली.

मग ती गादीवर बसली. काठी शेजारी आडवी ठेवली, ताबीज सोडून त्याच्या दंडावर, वळाच्या जरा वर बांधला, आणि म्हणाली, "भूक लागली." सकाळच्या भाकरी आणि ठेचा तिथंच अंगणात दोघांनी खाल्ला. भाचा फोन करत होता. इनायतुल्लानं तो सबीहाकडे दिला. तिनं एवढंच सांगितलं, "मामू नहीं आ रहे, बेटा," आणि फोन खाली ठेवून आणखी एक भाकर घेतली.

कुजबूज तिच्या कानावर आठवडाभरात आली. माणिकबाईनंच आडून विचारलं, "भाभी, इनायतभाईचा दंड कसा हाये?"

"बरा हाये. तुमाले कोनं सांगतलं दंडाचं?"

"कोनी नाई वं. वारा सांगते."

"वाऱ्याले म्हना, क्रेटवरून पडशीन एखांद्या दिवशी."

खरं सांगायला तिची हरकत नव्हती, पण खरं सांगायचं म्हणजे बोळ्याचंही सांगावं लागलं असतं. नवऱ्याला झोडपणारी म्हटलेलं परवडलं. गाडीच्या नाकात बोळा कोंबणारी म्हटलं असतं तर जन्मभर प्रत्येक लग्नात ऐकावं लागलं असतं. आणि काठी कशासाठी धरली होती, हे सांगायचं तर फुरकानचं सांगावं लागलं असतं. ते तिला टोपलीत घालून गावभर फिरवायचं नव्हतं. इनायतुल्लाही गप्प राहिला. टपरीवर कोणी डोळा मारून विचारलं, "काय इनायतभाई, आज किती पडल्या?" तर तो म्हणायचा, "आज शुक्रवार नाई." त्यातच काय ते समजा.

एक फायदा मात्र झाला. त्यानंतर सबीहाशी गादीच्या भावात कोणी घासाघीस केली नाही. रामराव लाईनमन तर तिचं नाव निघालं की आपसूक हातमोजे चाचपतो. गाडी पुढं कैक वर्षं तेल्हारा, अकोला, अमरावती करत राहिली. मागच्या सीटच्या जाळीसमोर गादी ठेवायची नाही, असा घरात कायदा झाला.

आता कुजबुजीतलं खरं. इनायतुल्लाचं अमरावतीला दुसरं घर नव्हतं. गाडीत जिन नव्हता. सबीहानं नवऱ्याला काठीनं मारलं, ते एकदाच. त्याला करंटनं धरलं, असं तिला वाटलं होतं.

नाकात रुई गेली होती. तो शिंकला होता.